दिल्याचा उजवा गुडघा

दिल्या फितूर आहे, असं अख्खी पेठ वीस वर्षं म्हणत होती.
पहिल्यांदा म्हणालो तो मी.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. तेव्हा मी इथं नुसता फोटो टाकला होता. लिहायची हिंमत नव्हती.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या कोल्हापुरात तालमीत कुस्ती असते तशी फुटबॉलची टीमपण असते. ज्या पेठेत जन्मलास त्याच तालमीचा शर्ट घालायचा. दुसऱ्या तालमीचा घातलास, तर सख्खा भाऊ घरात बोलत नाही.

शिवाजी पेठेतला आमचा दिल्या हा आमच्यातला पहिला प्रोफेशनल. नव्वदच्या दशकात गोव्यातल्या एका क्लबनं त्याला कॉन्ट्रॅक्टवर नेलं. रिक्षा सजवून आम्ही त्याला स्टँडवर सोडायला गेलो होतो. तिकडचा सीझन संपला की तो यायचा आणि आमच्याकडून खेळायचा.

तिसऱ्या वर्षी तो सीझन संपायच्या आधीच आला.

"का रं लवकर?"
"सुट्टी हाय."

एवढंच. नजर दुसरीकडं.

मी मुळात संशयी. म्हैस डोळ्यांदेखत पिळली तरी दुधात पाणी आहे का बघणारा.

फायनलला चार दिवस होते. समोर पलीकडच्या पेठेची तालीम, म्हणजे हाडवैर. सकाळी सहाला दूध आणायला निघालो, तर त्यांच्याच तालमीच्या मागच्या दारातून दिल्या बाहेर पडला. डोक्यावरून टॉवेल.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. गल्लीच्या तोंडाला उभ्या स्कूटरमागं दडलो. परत दिल्या. परत टॉवेल.

हाक मारायची सोडून मी थेट आमच्या कॅप्टनकडं गेलो.

"दिल्या फुटलाय. पुढच्या सीझनला त्यांच्याकडनं खेळणार."
"बघितलंस?"
"ह्या डोळ्यांनी."

संध्याकाळपर्यंत राजारामपुरीत माझ्या मावशीलाही कळलं होतं.

पण फायनलला त्याला बाहेर ठेवायची कुणाची छाती झाली नाही. तो खेळला, पण पळालाच नाही. शेवटच्या पाच मिनिटांत गोलकीपर पडलेला, गोल मोकळा, बॉल उजव्या पायावर. यानं तो डाव्यावर घेतला आणि बाहेर मारला.

एक-शून्यनं हरलो.

स्टेडियममध्ये "गद्दार, गद्दार" सुरू झालं. मीही ओरडलो. घसा बसेपर्यंत.

तालमीतल्या टीमच्या फोटोत त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी काळा रंग फासला. पुढं गोव्यानंही त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही.
"तिथंपण काहीतरी केलं असणार." हेही मीच म्हणालो.

त्या दुसऱ्या तालमीकडून तो कधीच खेळला नाही. हे मला खटकायला पाहिजे होतं. मी म्हणालो, डील फिसकटलं असेल.

नंतर तो आजऱ्याला काजूच्या कारखान्यात लागला. लग्नात, मयतीत भेटायचा.
"बरं हाय का?"
"बरं हाय."

गेल्या वर्षी त्याच्या रक्षाविसर्जनाला त्या तालमीच्या जुन्या वस्तादांचा मुलगा आला. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. मला वाटलं, शेवटी आलं बाहेर.

तो म्हणाला, "आमचं आबा हाडं बसवायचं. दिल्याचा उजवा गुडघा गेलता. गोव्यात कळलं तर घरी बसवतील म्हणून आबांकडं गुपचूप यायचा. तुमच्या तालमीत दाखवला असता तर सांजच्याला गावभर झालं असतं की. आबांनी आमच्या टीमलाबी सांगितलं न्हाय."

स्वतःच्याच टीमला नाही. फायनलच्या आधी.

आणि मी त्याचा जिवाभावाचा मित्र.

सगळे गेल्यावर मी त्याच्या बायकोसमोर बसलो. "वहिनी, ते फितुरीचं पहिल्यांदा मी..."

"म्हाईत हाय, भावजी. स्कूटरमागं तुम्हाला बघितलं हुतं त्यांनी."

लाज वाटली. अजून वाटते.

"मग एवढ्या वर्षांत मला बोलला का नाही?"

"मीबी हेच विचारायची. म्हणायचे, त्यानं एकदा येऊन विचारू दे की. सांगतो."

वीस वर्षांत मी विचारलं नाही. वहिनी मला बरं वाटावं म्हणून तर असं बोलल्या नसतील, हा संशय आत्ता लिहितानाही आहेच. खोड जात नाही.

दिल्या, गुडघा कसा हाय रं?

एवढंच विचारायचं राहिलं. माफ कर लेका. नीट जा.