पुण्याचा नंबर आणि हिरवे घड

मंडळी, आज यावलला भावाकडे गेले होते. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

भाची वैष्णवीचा पुण्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या पदवीला नंबर लागला होता. केळीचा भाव आपल्या बांधावर का ठरत नाही, हे तिला शिकायचं होतं. प्रवेश पक्का करायचा आज शेवटचा दिवस.

मळ्यात केळीची कापणी चालू होती. भाऊ म्हणाला, "अक्का, लहान आहे ती अजून. तिथं निभाव नाही लागायचा. इथंच बीए करू दे, मोठी झाली की बघू."

मी चांगली भांडले. तो हलला नाही.

वैष्णवी ट्रकमध्ये चढणाऱ्या हिरव्या घडांकडे बघत होती. हळूच म्हणाली, "पप्पा, हे दिल्लीला चाललेत ना? पिकेपर्यंत झाडावर ठेवले तर वाटेतच खराब होतात, असं तुम्हीच सांगता."

भावाने मान वळवली. मजुरांना म्हणाला, "जपून ठेवा रे, डाग पडायला नको."

ट्रक वेळेवर निघाला. पुण्याची मुदत संध्याकाळी संपली.

खरं सांगा, 'मोठी झाली की' म्हणतात तो दिवस तुमच्यापैकी कुणाच्या घरी उगवलाय का?