वजनवाल्या बाई

संस्थेच्या बाईंना आमच्या वस्तीत सगळे वजनवाल्या बाई म्हणत. खांद्यावर वजनकाटा घेऊन त्या पवनारच्या बसथांब्यावरून पायी यायच्या आणि हाक न मारता सरळ घरात शिरायच्या. मुलांच्या वह्या तपासणं, बायकांचा बचतगट, रक्ताची तपासणी, सगळंच त्यांच्याकडे होतं. पण सुरुवात वजनापासून. वस्तीतली कुणी काट्यावर उभी राहिली की त्या आकड्याआधी तिचे दंड बघत. वळ दिसला की म्हणत, "कोणं मारलं ते मी विचारूनच नाई राह्यली. किती दिवसांपासून चालू हाय, ते सांग."

आई दर वेळी विहिरीवर पडले म्हणायची. बाईही वहीत 'विहीर' लिहायच्या. एकदा म्हणाल्या, "सुमन, तुह्या घरची विहीर लय मारकुटी हाय बाप्पा." आई हसली. तिला तसं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

बारावीनंतर माझी कॉलेजची फी संस्था भरणार होती. अर्जावर सही आईची लागे, वडिलांची नाही. हा नियम बाईंनीच संस्थेत भांडून करून घेतला होता. आईने सही केली. त्याच संध्याकाळी बाबांनी अर्ज चुलीत घातला आणि आईचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तीनदा, की चारदा, मला नक्की सांगता येत नाही. माझं लग्न सेलूला ठरवतो, असं ते मधेमधे म्हणत होते.

सकाळी बाई आल्या. आईचं सुजलेलं तोंड पाहून खालीच बसल्या. "नियम आमचा, अन् मार तुले बसला. माही चूक झाली." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून नवा अर्ज काढला, पण पुढे केला नाही. आईने तो स्वतः ओढून घेतला.

तिची सही होते न होते तोच बाबा बैलबंडीच्या कडेची लाकडी उभारी घेऊन आत आले. ती आईच्या डोक्यात बसली असती. बाईंनी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर पडला. त्या आईसमोरून हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अर्ज घे अन् पय." मी पळाले.

शेजाऱ्यांनी बाबांना धरलं. दवाखान्यात न जाता बाई आधी आईला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. बाईंच्या हाताचं तेवढं लिहून घ्या, असं आई सांगत राहिली. बाईंनी तिला थांबवलं. "माह्या हाताचं मंग. पहिले तुह्यं सांग. सारं सांग." आईचं सांगून होईपर्यंत दुपार झाली. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाईंचा हात काळानिळा पडला होता. त्यातली दोन बोटं पुढे कधी वाकली नाहीत.

मी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा आमच्यात राहत नाहीत. गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी त्यांच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. त्या ताठ बोटांवरून बांगडी चढेना. बांगडीवालीने नाद सोडला. मग आईने तो हात मांडीवर घेतला, तेल लावलं आणि एकेक बांगडी सावकाश चढवू लागली. दुखते का, तिने विचारलं.

"दुखते," बाई म्हणाल्या. "तू भर."