देवीच्या डोंगराची आडवी वाट

माझा धाकटा भाऊ सह्याद्रीतला एक सुळका चढताना पडून गेला. त्यानंतर तीन वर्षं मी देवाला हात जोडले नाहीत. जालन्यातली नोकरी, हसनाबादहून आमच्याकडं राहायला आलेली आई, घरकाम, सगळं चालू होतं. देवघरासमोर मात्र माझे हात जुळत नसत.

धावड्याच्या पलीकडं अजिंठ्याच्या रांगेत एक डोंगर आहे. माथ्यावर देवीचं छोटं ठाणं. आईची ओटी घेऊन भाऊ दर मार्गशीर्षात तिथं जायचा. शाळेत असल्यापासून. चढायचं वेड त्याला त्याच डोंगरानं लावलं, म्हणून माझा सगळा राग त्या डोंगरावर होता. गेल्या मार्गशीर्षात आई म्हणाली, "यंदा तू जा. मला आता चढवत न्हाई."

"जिनं त्याला धरलं नाही, तिची ओटी कशाला भरायची?" मी चिडून विचारलं.

आई शांतपणे म्हणाली, "तेच तिला विचार. पण जाताना ओटी घेऊन जा."

मी एकटीच निघाले. आडवार होता, देवीचा वार नसल्यानं डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. अर्धी चढण बरी गेली. मग कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट लागली, जेमतेम पाऊल मावेल एवढी. मधोमध गेल्यावर पायाखालचा मुरूम सरकला. खाली दरी दिसली आणि मी दोन्ही हातांनी कपार घट्ट धरली. पुढं जाता येईना, मागं वळता येईना. कातळाला गाल लावून मी खाली बसले. फोनला रेंज नव्हती. माझा भाऊ शेवटच्या क्षणी असाच एकटा होता का, हा प्रश्न मी तीन वर्षं टाळला होता. त्या प्रश्नानं मला तिथं गाठलं. मी रडले, देवीला नको ते बोलले आणि शेवटी दमले. मनात एवढंच उरलं, की आता माझ्याच्यानं होत नाही. याला प्रार्थना म्हणावं का, मला माहीत नाही.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "कोण हाय गं तिथं?" लुगड्याचा काचा मारलेली एक म्हातारी सपासप उतरत आली. धावड्याची कौसाबाई, नाव मला नंतर कळलं. "माही बकरी सकाळपसून सापडून न्हाई राह्यली. म्हनून वर आल्ते," ती म्हणाली. मी वाटेत अडकलेय, हे माझ्याकडं पाहताच तिनं ओळखलं. माझी ओटीची पिशवी तिनं खांद्याला अडकवली आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "खाली बिलकुल पाहू नका बाई. माह्या टाचांकडं पाहा. मी पाय ठिवीन तिथंच ठिवा."

त्या जुनेराच्या पदरानं माझा तोल कसा सावरला असता? तरी मी तो घट्ट धरला. तिच्या भेगाळलेल्या टाचा पुढं सरकत होत्या, त्यांच्यामागं माझे पाय निघाले.

माथ्यावर वारा होता. एका बाजूला पार क्षितिजापर्यंत शेतं, दुसरीकडं निळसर दऱ्या. इतकं मोकळं मी कधी काही पाहिलं नव्हतं. माझा भाऊ इथं किती आनंदात उभा राहत असेल, हे मला पहिल्यांदा जाणवलं. तो गेला तेव्हापासून मी फक्त त्याचं पडणं आठवत आले होते. देवीचा तांदळा म्हणजे शेंदूर लावलेला नुसता दगड. त्याच्यासमोर मी आईची ओटी ठेवली. विचारायचं ठरवून आणलेलं काहीच विचारलं नाही. हात आपोआप जोडले गेले.

उतरून कौसाबाईच्या घरी गेलो, तर बकरी दावणीलाच! सून म्हणाली, "आत्याबाई, ती मागच्या छपरात जाऊन बसल्ती. डोंगराकडं गेलीच न्हाई ती."

कौसाबाई हसली. "मंग मी कशापायी चढले वर?" असं म्हणत तिनं माझ्याकडं पाहिलं. क्षणभर पाहतच राहिली. मग माझ्यापुढं भाकरी ठेवली.

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. "भेटली का गं?"

"भेटली," मी म्हणाले. कोण, ते तिनं विचारलं नाही.

भाऊ का गेला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण ते मिळाल्याशिवाय नमस्कार करायचा नाही, हा माझा हट्ट त्या वाटेवर सुटला. आता रोज सकाळी देवघरासमोर बसते. काही मागत नाही. ज्या दिवशी माझं बळ संपलं, त्या दिवशी कुणीतरी माझ्यासाठी डोंगर चढून आलं होतं, एवढं आठवते आणि डोकं टेकवते.