साल्याच्या तेरवीचा भात

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं. मला ते जमत नाही. ग्यानीराम माझा चुलतभाऊ होता, म्हणून तर मुळीच जमत नाही.

आमगावजवळच्या आमच्या गावात त्याची धानाची शेती होती. माणूस तगडा, बिड्या ओढायचा, पण सर्दीची गोळीसुद्धा कधी घेतली नाही. त्याला दुखणं एकच होतं, राग, आणि त्या दुखण्याला तो इज्जत म्हणायचा. कोणाचा बैल बांधावरून आत आला तरी त्याच्याशी वर्षानुवर्षं अबोला. त्याचा साला नंदलाल नेमका उलट्या स्वभावाचा. छातीत कळ, पोटात गोळा, हातापायाला मुंग्या, सगळं त्याला एकाच सकाळी व्हायचं. गोंदियातला एकही डॉक्टर त्यानं सोडला नव्हता. तो समोरून येताना दिसला की लोक वाट बदलायचे.

ग्यानीरामच्या पोरीचं, भूमेश्वरीचं लग्न निघालं. आमच्याकडे नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. मुहूर्त आला आणि मामाचा पत्ता नाही. छातीत दुखून राहिलं म्हणून गोंदियाला गेला, असा निरोप आला. शेवटी मीच मामा होऊन पोरीचा हात धरला. वऱ्हाडी हसले, ते ग्यानीरामनं पाहिलं. संध्याकाळी कोणीतरी येऊन सांगितलं की नंदलाल कोहमारा फाट्यावरच्या ढाब्यावर भजी खात बसला आहे. तेव्हा मांडवातच उभा राहून ग्यानीराम बोलला, "त्याच्या तेरवीचा भात खाईन, तवाच मरीन."

त्या दिवसापासून त्याच्या बायकोचं, फुलवंताचं माहेर बंद झालं. भाऊबीज आली की ती ओवाळणीचं पितळेचं ताट घासायची, पुसायची आणि परत फळीवर ठेवायची. एकदा तिनं विचारलं, "एवढा राग कायले?" त्यानं ते ताट अंगणात भिरकावलं. ताटाला मोठा पोचा पडला. तिनं ते उचललं, पुन्हा पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. अशी सोळा वर्षं गेली. नंदलाल आजारी पडल्याची खबर आली की ग्यानीराम त्या रात्री दोन भाकरी जास्त खायचा.

मग आमगावात हृदय तपासणीचं शिबिर लागलं. नंदलाल तिथे येणार हे सांगायला नकोच. ग्यानीरामनं सगळे सोयरे गोळा करून नेले. लग्नाच्या दिवशी साला खोटं बोलला, हे त्याला मशीनकडून सिद्ध करून घ्यायचं होतं.

डॉक्टरीण तरुण होती. नंदलालला तिनं नीट तपासलं, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, दुसऱ्या मशीनवरही पाहिलं आणि म्हणाली, "यांचं हृदय एकदम चांगलं आहे."

"आयकलं का सबनं?" ग्यानीराम उभा राहिला. "तवाबी खोटा, आताबी खोटा."

"खोटे नाहीत ते," ती म्हणाली. "त्यांना खरंच दुखतं. स्वभाव काळजीचा असला की शरीरातलं बारीकसारीकही फार जाणवतं. दुखणं खरं आहे, फक्त हृदयाचं नाही."

ग्यानीरामनं टेबलावर मूठ आपटली. त्याची मानेवरची शीर टरारून फुगली होती. डॉक्टरीण तिकडेच बघत होती. तिनं त्याला जबरदस्तीनं आडवं केलं आणि त्याचीही पट्टी काढली. ती पाहताच तिचा चेहरा बदलला.

"तुम्हाला काहीच त्रास होत नाही?"

"मले काय होते?"

रक्तदाब भयंकर वाढला होता. एक झटका न कळता येऊन गेला असावा, उद्याच्या उद्या नागपूरला जा, असं तिनं बजावलं. "बिडी सोडा. आणि राग सोडा. वर्षानुवर्षं धरलेला राग हृदयालाही सोसत नाही."

सगळ्यांच्या आधी उठला तो नंदलाल. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भाऊजी, नागपूरचे दवाखाने मले सबन माहीत हायेत. मी गाडी सांगतो, मी संग येतो."

"तुह्या गाडीत बसून जगण्यापरीस मरून जाईन," ग्यानीराम म्हणाला.

फुलवंतानं तिथेच, सगळ्यांसमोर त्याचे पाय धरले. त्यानं ते सोडवून घेतले. नागपूरला तो गेलाच नाही. घरी आल्यावर मला म्हणाला, "माह्या तेरवीत त्याले पान वाढू नोको." मी मान हलवली. फुलवंता दारात उभी राहून ऐकत होती.

धानाच्या चुरणीत, मळणी चालू असताना खळ्यावरच तो कोसळला.

तेरवीला नंदलाल फाटकाबाहेर उभा होता. आत यायची त्याची हिंमत होईना. ग्यानीरामला दिलेला शब्द मला आठवला आणि मी जागचा हललो नाही. फुलवंता उठली, भावाचा हात धरून त्याला आत घेऊन आली आणि तिनं त्याला ग्यानीरामच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसवलं. बाकीच्यांना पत्रावळी होत्या. नंदलालपुढे तिनं ते पोचा पडलेलं ताट मांडलं आणि स्वतःच्या हातानं भात वाढला.

"खा," ती म्हणाली. "तुह्या तेरवीच्या भाताची वाट पाहत बसला होता. आता त्याच्यासमोर त्याच्या तेरवीचा खा."

नंदलालनं घास उचलला, खाली ठेवला आणि छातीवर हात नेला. "बाई, दुखून राहिलं."

आम्ही सवयीनं तोंडं फिरवली. फुलवंतानं भातावर वरण ओतलं.

"दुखू दे. मलेही दुखून राहिलं. तू खा."

ताट रिकामं होईपर्यंत ती समोर बसून राहिली, आणि सगळा वेळ फोटोकडे बघत होती.