अण्णांनी विचारलेली चव

मुलीने आज आमसुलं भिजत घातली. कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात तो आंबट वास पसरला आणि मला मालवणची ती खाणावळ आठवली.

माझे वडील, अण्णा, तरुणपणी मालवणला तीन वर्षं नोकरीला होते. आजारपणातल्या औषधांनी त्यांच्या तोंडाची चव पार गेली, तेव्हा म्हणाले, "एकदा मालवणला ने." हिंजवडीच्या कंपनीतून मी कशीबशी दोन दिवसांची रजा काढली. रजा नावाचीच, फोन सोबत होताच.

खाणावळीत त्यांनी मला न विचारता सगळं मागवलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, तळलेली सुरमई, नारळाच्या गोड रसातली खापरोळी. सगळं माझ्यापुढे सरकवून स्वतः पेज घेऊन बसले. "खा, आणि कसं लागतंय ते मला सांग."

माझा फोन वाजतच होता.

"सुरमई?"

"छान."

"खापरोळी?"

"छान आहे."

शेवटी त्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली. "आधी लसूण लागते का रे, की नारळ?"

फोनवर हात धरून मी वैतागलो, "अण्णा, छान आहे हो सगळं!"

त्यांनी मान हलवली. पुन्हा पेज प्यायला लागले. त्या वर्षीच ते गेले.

आता मुलीने सोलकढीची वाटी हातात दिली. "कशी झालीये?"

मी डोळे मिटून घोट घेतला. "आधी आंबट लागते. मग लसूण, अगदी पुसट. नारळ सगळ्यात शेवटी, घशाशी."

"बाबा," ती हसली, "एवढं कोणी विचारलं होतं?"