तीन बोटं उंच

पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेला लागून, एका चिंचेखाली नानाजीची भट्टी होती. नानाजी काही जातीचा लोहार नव्हे. लढाईच्या वर्षांत तो लष्कराच्या वर्कशॉपात हमाल म्हणून लागला आणि परतला तो मोटारींच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, बांधायची विद्या घेऊन. बोलणं मोजकं, पण आपल्या कामाचा गर्व मात्र एवढा, की बसलेली कमान समोर आली की तो आधी ती कोणी बांधली होती त्याचा उद्धार करी आणि मगच हातोडा उचली.

छपन्नच्या दसऱ्याला तो बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि देव सोडून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. तेव्हापासून ट्रकवाल्यांचं आणि त्याचं एका गोष्टीवरून वाजू लागलं. काम ज्याच्या हातून झालं त्यानेच चाकासमोर नारळ फोडायचा, अशी त्यांची रीत. नानाजी म्हणे, "मी प्रतिज्ञा घेतली. तुमचा नारळ तुम्ही फोडा." ड्रायव्हर कुरकुरत स्वतः फोडत आणि निघून जात. तीन वर्षं झाली, त्याने बांधलेली एकही कमान तुटली नाही. हळूहळू कुरकुरही थांबली. नानाजीला वाटे, आपण हातोड्यानेच सगळ्यांना उत्तर दिलं. ते खरंही होतं, आणि घात तिथेच होता.

एकोणसाठच्या हिवाळ्यात लाकडाचे ठेकेदार विठ्ठलराव आपली पिकअप घेऊन आले. गाडी लष्कराच्या लिलावातली, पुढून पार बसलेली. जंगलातल्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या पाड्यावर, जाताना दगड लागून दोनदा इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं, सगळं तेल रस्त्यावर.

"पुढून तीन बोटं उचलून दे," विठ्ठलराव म्हणाले. "नवी कमान मागू नको. हाय त्यातच भागव."

कमान आणि चाकाचा आस यांच्या मधे लाकडाचे ठोकळे टाकून उचलता येईल, असं त्यांच्या ड्रायव्हरने, भीमसिंगने सुचवलं. नानाजी त्याच्या अंगावरच गेला. "पुढच्या चाकाले ठोकळा? ब्रेक मारला का सरकते तो. मराचं हाय का तुले?"

त्याने दोन्ही कमानी उतरवल्या, पाटे सुटे केले, एकेक पाटा भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकून पुन्हा वाकवला. भंगारातल्या ट्रकचा एक जाड पाटा कापून दोन्हीकडे जास्तीचा घातला. लाल पाटा जळक्या तेलात बुडवायचा आणि मग त्याचा कडकपणा मंद धगीवर उतरवायचा, म्हणजे पोलाद चिवट राहतं. पाण्यात बुडवला तर ते कडक होतं, आणि कडक पोलाद एक दिवस काचेसारखं तुटतं. हे नानाजीला झोपेतही ठाऊक होतं.

शेवटचा पाटा भट्टीत असताना तेलाच्या डब्याने पेट घेतला. झाकण टाकून आग विझवली, पण पाटा बुडेल एवढं तेल उरलं नाही. ऊन कलत होतं. "आज गाडी नाही गेली त माह्या माणसाइचा रोज बुडते," म्हणून विठ्ठलराव खाटेवर बसून टाचा आपटत होते. भीमसिंग शेजारी उभा होता. नानाजीने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा लाल पाट्याकडे, आणि पाटा बादलीतल्या पाण्यात बुडवला. चर्र झालं. आपला हात आहे, एका पाट्याने काय होतं, असं त्याने मनाला सांगितलं. धगीवर तो नीट उतरवायलाही वेळ दिला नाही.

गाडी तीन बोटं उंच झाली. विठ्ठलरावांनी नारळ पुढे केला, नानाजीने हात मागे घेतला, आणि भीमसिंगने तोंड वाकडं करून तो स्वतः फोडला.

पाचव्या दिवशी नाल्याच्या उतारावर डाव्या बाजूची कमान तुटली. गाडी झाडावर गेली. हौद्यातली माणसं खरचटण्यावर निभावली, पण भीमसिंगचा उजवा हात कोपरात मोडला.

बातमी घरी आली तेव्हा नानाजीची बायको सत्यभामा ज्वारी पाखडत होती. ती उठली, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला देवीचा टाक बाहेर काढला. सगळे देव नदीत सोडले, असं नानाजी तीन वर्षं समजून होता.

"एक नारळ फोडला असता त काय हात झडला असता तुमचा?" ती म्हणाली आणि रडायला लागली. त्याच्याबरोबर दीक्षा घेतलेल्या वस्तीतही तेच बोलणं सुरू झालं. आणखी चार घरांत लपवलेले टाक असतील, हे नानाजीला त्या दिवशी कळलं. त्याला बायकोचा राग आला नाही, नुसती भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी तुटकी कमान बैलगाडीतून आणून चिंचेखाली टाकली. माणसं जमली. नानाजीने तुटलेला पाटा हातात घेतला. तुटलेली कड मिठाच्या खड्यासारखी दाणेदार चमकत होती. तोच पाटा होता. ती कड वाचता येणारा तिथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

विठ्ठलराव समजुतीने बोलले, हेच वाईट. "हे पाह्य नानाजी, तुह्या कामात खोट नाही, मले माहीत हाय. देवाचा कोप हाय. पुन्हा बांध आणि आता मुकाट्यानं नारळ फोड. काम तुह्याकडंच येत राहीन."

किती सोपं होतं. गप्प बसलं की कारागिराचं नाव शाबूत, धंदा शाबूत. जायची ती फक्त प्रतिज्ञा, आणि तिच्याबरोबर वस्तीतली सगळी घरं पुन्हा देवांकडे. सत्यभामा माणसांच्या मागे पदर तोंडाला लावून उभी होती.

"कोप-बिप काही नाही," तो म्हणाला. "तेल संपलं होतं. हा पाटा मी पाण्यात बुडवला. चूक माह्या हाताची हाय."

जमलेल्यांपैकी एक म्हणाला, "देवानंच तशी बुद्धी देल्ली असन." दोघेचौघे माना डोलावून निघाले. विठ्ठलरावांनी कमान पुन्हा बैलगाडीत टाकायला लावली आणि ती बांधायला नागपूरला पाठवली. त्या हिवाळ्यात चिंचेखाली तीन गाड्या आल्या, पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याही नाही. नानाजी नांगराचे बोथट फाळ शेवटून, म्हणजे ठोकून धारदार करून, देऊ लागला. सत्यभामाने तो टाक पुन्हा कणगीत ठेवला नाही आणि नदीतही सोडला नाही. फडक्यात बांधून तिने तो नानाजीच्या हाती दिला आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा याचं काय कराचं." त्याने तो स्वतः नेऊन नदीत सोडला.

होळीनंतर भीमसिंग आला. हात जुळला होता, पण वाकडा. स्टेअरिंग धरवत नव्हतं. तो भट्टीसमोर उकिडवा बसला.

"नानाजी, मी तिथंच उभा होतो. मले वाटलं पाणी म्हणजे पाणी. मले काय समजते?" तो थांबला. "तुले समजत होतं ना?"

नानाजीने भात्याची दोरी सोडली.

"समजत होतं."

भीमसिंग डावा हात जमिनीला टेकून उठला आणि पायीच पांढरकवड्याकडे चालू लागला.