ताईची मिरची आणि माझं रडार

वादळी ढगांच्या रांगा रडारवर बघायच्या, त्या कुठे जुळतात, का तुटतात याचा अभ्यास करायचा, एवढंच माझं काम. पण आमच्या नंदनवन कॉलनीतल्या शेजाऱ्यांपासून सासरवाडीपर्यंत सगळ्यांच्या लेखी मी पाऊस खिशात घेऊन फिरतो. लॉनवर लग्न ठरवतात आणि मग मला फोन करतात. आता खरंच कंटाळा आलाय.

ताईचं मात्र वेगळं आहे. तिची भिवापूरकडे मिरची. फेब्रुवारी-मार्चात सगळा माल उघड्या मैदानात वाळत पसरलेला असतो. भिजला तर सडतो, आणि उगाच ताडपत्रीखाली ठेवला तर वाफ धरून काळा पडतो. वर्षभराची मेहनत अशी जमिनीवर पडलेली, आणि ही बाई मला विचारणार, "काय गा, झाकू का?"

यंदा एका दुपारी पश्चिमेकडून चांगली भरगच्च रांग आली. मी म्हटलं, झाक. दुसऱ्या दिवशी मागून आणखी एक येताना दिसली, म्हणून म्हटलं, काढू नकोस. रडार खोटं बोललं नव्हतं. पाऊस होता, पण वर. इतक्या लांब रडारची किरणं उंचावरूनच जातात, आणि खालच्या कोरड्या हवेत थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच आटले. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. ताईच्या मैदानात टिपूस पडला नाही.

"बरीच काळी पडली गा," ती फोनवर म्हणाली. मी काहीतरी समजावू लागलो, तर म्हणे, "जाऊ दे, जेवला का तू?" चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

परवा पुन्हा रांग उठली. मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, आता ती दुसऱ्या कोणाला विचारेल. तिचाच आला.

"उरलेली झाकू का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. तसलाच पट्टा, तसलेच रंग. खालची हवा या वेळी जरा ओली होती, पण जराच.

"झाक," मी म्हटलं.

"नक्की का?" असं तिनं विचारलंच नाही. फोन हातात तसाच ठेवून ती कामावरच्या बायांना हाका मारायला लागली, "चला वं, भाऊ झाका म्हणून राहिला." मला हा विश्वास आता पेलवत नाही.